पोस्टरवर रक्त, डिस्कवर झोप

(वाचकांचे सिनेमाचे प्रश्न आणि काकांची उत्तरं)

प्रश्न : काका नमस्कार. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, दिवाळीला येताना त्याच्याकडून मी 'स्नफ' नावाच्या पिक्चरची ब्लू-रे मागवली. कॉलेजपासून ऐकत आलोय की जगातला सगळ्यात डेंजर पिक्चर हाच, शेवटी बाईचा खरा खून दाखवलाय वगैरे. शनिवारी रात्री आम्ही चौघं मित्र बसलो, बायकोला सांगितलं तू आत येऊ नको, लाइट घालवले, आणि काका आईशपथ पाऊण तासात दोघं घोरायला लागले. शेवटचा तो सीन आला तेव्हा त्यांना हलवून उठवलं, तर एक जण (त्याचं चिकनचं दुकान आहे) डोळे चोळत म्हणाला की ह्यापेक्षा जास्त तर मी रविवारी सकाळी दुकानात बघतो. आता ग्रुपवर माझी रोज खेचतायत. चुकीची डिस्क आली का? का मला काही कळलंच नाही?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : डिस्क बरोबर आहे रे बाबा, आणि तुला कळलंही बरोबर आहे. पिक्चर असाच आहे. पहिल्यापासून असाच होता, फक्त आत्तापर्यंत तो कोणाला इतका स्वच्छ दिसला नव्हता.

तुला मुळापासून सांगतो कारण ह्या पिक्चरची गोष्ट पिक्चरपेक्षा शंभरपट भारी आहे. मायकेल फिंडले आणि रॉबर्टा फिंडले हे न्यूयॉर्कचं नवराबायकोचं जोडपं, स्वस्तातले चावट आणि मारधाडीचे पिक्चर काढणारं, तो डायरेक्शन बघायचा आणि कॅमेरा ती धरायची. १९६९ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला चार्ल्स मॅन्सनच्या टोळीने खून केले, शॅरन टेट ही गरोदर नटी त्यात गेली, सगळी अमेरिका हादरलेली. ह्या दोघांनी लगेच हिशोब केला की बातमी गरम आहे तोवर पिक्चर काढून टाकू. १९७१ ला अर्जेंटिनात जाऊन 'स्लॉटर' नावाचं काहीतरी शूट केलं, बजेट म्हणे तीस हजार डॉलर. एक बाबा, त्याचं नाव सैतान पण पिक्चरमध्ये सगळे उच्चार मुद्दाम 'सा-तान' असा करतात म्हणजे फॉरेन वाटावं, त्याच्या नादाला लागलेल्या मोटारसायकलवाल्या पोरी, आणि अमेरिकेतून आलेली एक नटी. ती नटी झालीय मिर्ता मास्सा, जी १९६७ ची मिस इंटरनॅशनल होती, म्हणजे दिसायला एक नंबर, पण तिलाही वाचवता आलं नाही रे पिक्चर. आवाज सगळा नंतर इंग्लिशमध्ये डब केलेला, ओठ एकीकडे शब्द एकीकडे, मधेच कार्निव्हलचं लांबच लांब फुटेज, मधेच शस्त्रांच्या धंद्यावर बडबड. तुझे मित्र घोरले ते इथेच, बरोबर ना? मी पण दरवेळी इथेच पेंगतो.

तर हा माल कोणी घेईना. चार वर्ष फडताळात पडून राहिला. मग अॅलन शॅकलटन म्हणून एक डिस्ट्रिब्यूटर, मोनार्क रिलीझिंग नावाची त्याची छोटी कंपनी, त्याने पेपरात वाचलं की दक्षिण अमेरिकेतून म्हणे खऱ्या खुनाच्या फिल्म चोरून अमेरिकेत येतायत. 'स्नफ' हा शब्द त्या अर्थाने मॅन्सनवरच्या पुस्तकामुळे नुकताच लोकांच्या तोंडी बसत होता. शॅकलटनच्या डोक्यात ट्यूब पेटली. आपल्याकडे दक्षिण अमेरिकेत शूट केलेला, पडून असलेला, कुणालाच नको असलेला एक पिक्चर आहेच की! त्याने सायमन नुक्टर्न नावाच्या डायरेक्टरला धरून न्यूयॉर्कमध्ये चार-पाच मिनिटांचा नवीन शेवट शूट करून घेतला आणि मागे चिकटवला. मूळ पिक्चर संपतो, कॅमेरा मागे येतो, सेट दिसतो, युनिटची माणसं दिसतात, आणि डायरेक्टर झालेला इसम युनिटमधल्याच एका पोरीला पलंगावर घेऊन बसतो, पुढचं तू बघितलंयस, परत लिहीत नाही, संपादकांना बीपी आहे. मग रीळ संपल्यासारखा पडदा काळा होतो आणि अंधारात आवाज येतो, आलं का सगळं? हो आलं, चला निघा इथून. नावं नाहीत, श्रेयनामावली नाही, काही नाही, म्हणजे कोणी बनवला ते कळूच नये.

पोस्टरवर काय लिहिलं होतं माहितीय? की असा पिक्चर फक्त दक्षिण अमेरिकेतच बनू शकतो, जिथे जीव स्वस्त आहे. आणि तो जो 'खून' लोक बघायला आले तो शूट झाला न्यूयॉर्कात. अर्जेंटिनाच्या लोकांनी बिचाऱ्यांनी फक्त ऊन आणि मोटारसायकली पुरवल्या आणि वर शिवी खाल्ली.

आता तुझ्या प्रश्नाचा खरा मुद्दा, डिस्कचा. मी हा पिक्चर पहिल्यांदा बघितला १९८८ ला सांगलीत. तेव्हा व्हीसीआर भाड्याने आणायचे, एका रात्रीला तीन कॅसेट, चादरीत गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधून. आमच्या लायब्ररीवाल्याकडे एक वरची फळी होती, तिथल्या कॅसेटवर लेबल नसायचं, आणि त्यातली एक गल्फमधून कुणीतरी आणलेली होती, कॉपीची कॉपी तिची पण कॉपी. लायब्ररीवाला हुशार, त्याने ती कॅसेट शेवटच्या दहा मिनिटांवर आणूनच ठेवलेली असायची. रिवाइंड करायला मनाई! म्हणजे काय झालं बघ, आम्ही पंधरा-वीस पोरांनी 'स्नफ' बघितला असं छाती ठोकून वर्षानुवर्ष सांगितलं आणि त्यातल्या एकानेही पहिली सत्तर मिनिटं बघितलेलीच नव्हती. आणि ते शेवटचं पण काय दिसत होतं? मुंग्या. मधे एक पांढरी पट्टी वरखाली फिरतेय, रक्त दिसतंय पण ते काळपट तपकिरी, चेहरे धुरकट, आवाज विहिरीतून आल्यासारखा. पण भाऊ, मी त्या रात्री जेवलो नाही, आईला वाटलं ताप आला, हात लावून बघितला तिने कपाळाला.

पस्तीस वर्षांनी तीच जागा ब्लू-रेवर बघितली. काय दिसलं? पलंग वेगळा, खोली वेगळी, बाई वेगळी. रक्त रंगपंचमीचं. हात रबराचा आहे हे माझ्या मुलीने चष्मा न लावता सांगितलं. आणि सगळ्यात मोठी गोम जी त्या मुंग्यांमुळे आमच्या कधी लक्षातच आली नव्हती ती म्हणजे अँगल बदलतात रे! इकडून शॉट, मग जवळून शॉट, मग चेहऱ्याचा शॉट. खरा खून चाललाय आणि कॅमेरावाला म्हणतोय थांबा हां जरा, लाइट इकडे घेतो? म्हणजे ह्या पिक्चरला वाचवत होती ती खराब प्रिंट. घाण हाच त्याचा मेकअप होता. कंपनीने बिचाऱ्यांनी मेहनत करून तोंड धुवून दिलं आणि आत काहीच निघालं नाही.

जत्रेत नागकन्येचा तंबू बघितलायस ना, अर्धी बाई अर्धा साप? बाहेर तो माइकवाला जे बोलतो, मोठं रंगवलेलं कापड असतं, आतून भोंग्याचा आवाज येतो, तिथेच आपले पैसे वसूल होतात. आत पेटीमागे एक कंटाळलेली पोरगी बसलेली असते आणि खाली कापडाचं शेपूट. तंबूत कधी ट्यूबलाइट लावत नाहीत. ब्लू-रे म्हणजे ट्यूबलाइट आहे.

मित्रांना सांग, पुढच्या वेळी सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर सगळ्यात खालच्या क्वालिटीत बघा, कदाचित जमेल.

प्रश्न : काका, मी पुण्यात मीडिया स्टडीज करते. आमच्या सरांनी सांगितलं की ह्या पिक्चरच्या विरोधात न्यूयॉर्कमध्ये बायकांनी मोठी निदर्शनं केली होती, पण मग दुसरीकडे वाचलं की ते निदर्शक भाड्याने आणलेले होते. नक्की काय? आणि जर खून खोटाच होता तर त्या बायका मूर्ख ठरल्या का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : ताई, दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात आणि ह्यातच त्या शॅकलटनची बदमाशी आहे.

क्रम असा. जानेवारी १९७६ ला पिक्चर आधी इंडियानापोलिसला लागला, फेब्रुवारीत न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरच्या थेटरात. शॅकलटनने सुरुवातीला स्वतःच माणसं लावून बाहेर बोर्ड धरून उभी केली असं सांगितलं जातं, म्हणजे पेपरवाल्यांना फोटो मिळावा. आणि मग खऱ्या बायका आल्या, आपणहून आल्या आणि रोज येत राहिल्या. अँड्रिया ड्वर्किन सारखी लेखिका त्यात होती. त्यांना शॅकलटनने पैसे द्यायची काही गरजच उरली नाही, उलट त्या जितक्या घोषणा देतील तितकी रांग वाढतेय. असला सापळा आहे हा, गप्प बसलात तर चालू राहतं आणि ओरडलात तर जोरात चालू राहतं. आजकाल ट्रेलरवरून जे वाद होतात त्यातले निम्मे मला असेच वाटतात, पण ते असो, मला कुणाशी पंगा घ्यायचा नाहीये.

मॅनहॅटनचे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, म्हणजे तिकडचे मुख्य सरकारी वकील, रॉबर्ट मॉर्गेनथाऊ यांच्या ऑफिसने शेवटी चौकशी केली आणि मार्च १९७६ मध्ये जाहीर केलं की हे सगळं नाटक आहे, जिचा 'खून' झाला ती नटी जिवंत आहे, तिला शोधून काढून तिच्याशी बोलून खात्री केली. विचार कर, एका बाईला सरकारी ऑफिसात जाऊन साहेब मी मेलेले नाही म्हणून सांगावं लागलं. आपल्याकडे पेन्शनीसाठी दर नोव्हेंबरला लोक हयातीचा दाखला द्यायला बँकेत रांग लावतात ना, मला तेच आठवलं.

आता मूर्ख ठरल्या का? अजिबात नाही. माझं मत ऐक, पटलं नाही तर सोडून दे. त्यातल्या बऱ्याच जणींचं म्हणणं असं होतं की खून खरा आहे का खोटा हा प्रश्नच दुय्यम आहे. 'इथे खरी बाई मारलीय, या बघायला' ही जाहिरात लावल्यावर लोक तिकीट काढून येतात, ही गोष्ट तर शंभर टक्के खरी आहे ना? रबराचा हात खोटा, पण रांग खरी. सिनेमावाले आम्ही लोक नेहमी हसून सांगतो की हॅ, सगळं खोटं होतं, बघा कशा फसल्या, आणि मी पण वरच्या उत्तरात तेच केलंय बघ, रंगपंचमी वगैरे. पण मी १९८८ ला ती कॅसेट आणली तेव्हा मला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं. मी खरं समजूनच आणली होती. पाच रुपये जास्त देऊन. हे आठवलं की जरा बसल्या जागी चुळबुळ होते, लिहून टाकलं.

तुझ्या प्रोजेक्टसाठी अजून एक दुवा. त्याच १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडे बायकांचा एक गट उभा राहिला, पोर्नोग्राफी आणि मीडियातल्या हिंसेच्या विरोधात, आणि त्या पूर्ण चळवळीच्या इतिहासात ह्या पिक्चरचं नाव येतंच येतं. म्हणजे तीस हजारात बनलेला, कोणी न घेतलेला पिक्चर एका चळवळीला खतपाणी घालून गेला. सिनेमा म्हणून शून्य, घटना म्हणून मोठा. ब्रिटनमध्ये पण व्हिडिओचा जमाना आल्यावर ज्या कॅसेटवर सरकार आणि पेपरवाले तुटून पडले त्या यादीत हा होताच, आणि त्या सगळ्या गदारोळातून तिकडे १९८४ चा व्हिडिओचा कायदा आला, प्रत्येक कॅसेटला सर्टिफिकेट लागायला लागलं.

प्रश्न : फिंडले नवराबायकोला ह्यातून पैसा मिळाला का? पुढे काय झालं त्यांचं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नवीन शेवट त्यांनी बनवलेला नाही आणि पडद्यावर नाव पण नाही, एवढ्यावरून ओळखा. मायकेल फिंडलेचा शेवट मात्र फार वाईट झाला. १६ मे १९७७ ला न्यूयॉर्कच्या पॅन अॅम बिल्डिंगच्या गच्चीवर हेलिपॅड होता, तिथे उभ्या हेलिकॉप्टरचा पाय मोडला, ते एका अंगाला कलंडलं आणि पंखे फिरतच होते. चार जण वरती गेले आणि तुटलेल्या पंख्याचा तुकडा खाली पडून रस्त्यावरची एक बाई गेली. वरच्या चौघांत फिंडले होता. खोट्या रक्ताचे पिक्चर काढणाऱ्या माणसाच्या बाबतीत असं घडलं म्हणून लोक त्यावर चवीने लिहितात, मला नाही आवडत. शॅकलटन पण १९७९ ला गेला. रॉबर्टा फिंडले मात्र पुढे बरीच वर्ष पिक्चर काढत राहिली.

प्रश्न : काका, आपल्या रामसे बंधूंचे पिक्चर पण ह्याच लायनीतले ना? मग ते बघताना मजा का येते आणि हे असले बघताना का येत नाही? दोन्हीकडे बजेट नाही, दोन्हीकडे अॅक्टिंग नाही.
— एक वाचक, सातारा

उत्तर : वा! सातारकर रामसेंबद्दल विचारणारच, अर्धं काम तुमच्या महाबळेश्वरला झालंय. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) काढला तेव्हा रामसे मंडळी सगळं बाडबिस्तरा घेऊन महाबळेश्वरच्या गेस्ट हाउसवर जाऊन राहिली, घरातल्या बायका स्वयंपाक बघतायत, भाऊभाऊ कॅमेरा, साउंड, डायरेक्शन सगळं वाटून घेतायत, सेटचा खर्चच नाही, राहायची जागा तोच वाडा आणि तोच भुताचा बंगला. बजेट अगदी हातावरचं. म्हणजे कंजूसपणात फिंडलेंच्या बरोबरीचेच.

पण फरक एकच आहे आणि तो मोठा आहे. रामसे पोस्टरवर जे दाखवायचे ते आत द्यायचे. 'पुराना मंदिर' (१९८४) च्या पोस्टरवर सामरी आहे, आत जा, सामरी आहे, सहा फुटांच्या वरचा अनिरुद्ध अगरवाल लाल डोळे करून खराखुरा तुमच्या अंगावर येतो. मधे गाणी आहेत, मधे तो जगदीपचा आचरटपणा आहे, पण ज्यासाठी तिकीट काढलं तो राक्षस मिळतो, एकदा नाही चार वेळा मिळतो. 'स्नफ'चं तसं नाही, ऐंशी मिनिटांत पंच्याहत्तर मिनिटं भलताच पिक्चर, आणि शेवटी पाच मिनिटं जे देतो म्हणाले होते तेही खोटं. हॉटेलात मटण थाळी सांगावी, तासभर नुसती आमटी वाढत राहावी आणि शेवटी मटणाचा फोटो दाखवावा तसं.

म्हणूनच रामसेंच्या पिक्चरना चांगली डीव्हीडी मिळाली तेव्हा ते उलट खुलले. मोंडो मॅकाब्रो नावाच्या परदेशी कंपनीने त्यांचे पिक्चर डीव्हीडीवर काढले, आणि तो धूर, ते निळे-लाल लाइट, तो वाडा असा काही दिसतो म्हणता! दूरदर्शनच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर व्हीसीआर जोडून बघितलेल्या माझ्यासारख्याला तर पहिल्यांदा कळलं की ह्या लोकांनी लाइटवर एवढी मेहनत केली होती. मेहनत असेल तर स्वच्छ प्रिंट फायद्याची ठरते हो, बाकी काही नाही.

प्रश्न : एवढं वाचल्यावर आता मलाच बघायचाय. २००३ ची डीव्हीडी घेऊ का २०१३ ची ब्लू-रे? इथे दोन्ही सेकंडहँड मिळतायत.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : बघा, म्हणजे शॅकलटन अजून जिंकतोय आणि ह्या महिन्यात त्याचा माइकवाला मी झालोय.

दोन्ही ब्लू अंडरग्राउंड नावाच्या एकाच कंपनीची आहेत. डीव्हीडी कोरडी आहे, ब्लू-रे घ्या, पण पिक्चरसाठी नाही, एक्स्ट्रासाठी. त्यात कार्टर स्टीव्हन्सची मुलाखत आहे, ज्याच्या स्टुडिओत तो शेवट शूट झाला तो माणूस, आणि तो ज्या आरामात सगळं सांगतो ते ऐकण्यासारखं आहे, त्याच्या लेखी ते जागा भाड्याने दिल्याचं एक काम होतं फक्त. एका रिटायर्ड एफबीआय एजंटची पण मुलाखत आहे. मी स्वतः आधी मुलाखती बघितल्या, मग शेवटची दहा मिनिटं, आणि मग सांगलीच्या त्या लायब्ररीवाल्याची आठवण येऊन डिस्क काढून ठेवली. पहिली सत्तर मिनिटं दुसऱ्या दिवशी इस्त्री करता करता बघितली, चार शर्ट आणि एक साडी झाली.

आणि हो, इचलकरंजीच्या त्या मुलाला कोणीतरी सांगा, ब्लू-रेवर मेन्यूत चॅप्टर असतात, रिमोटने डायरेक्ट शेवटावर जाता येतं, मित्रांना उठवायची वेळच आली नसती.